दंडावरची पट्टी

"हळू बोला रे, तिचा दाब वाढेल!" आत्या एवढ्या जोरात ओरडली, की समोर भिंत लिंपणाऱ्या गवंड्याच्या हातातली थापी तिथंच थांबली.

थोरली खाटेवर पडून होती. डाव्या दंडावर रक्तदाब मोजायची पट्टी, पट्टीतून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाला कमरेला अडकवलेली डबी. दर अर्ध्या तासानं डबी घुरघुरायची, पट्टी दंड करकचून आवळायची आणि मग हळूहळू सैल सोडायची. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हे असंच चालणार होतं. आकडे डबीच्या पोटात जमायचे. ते बघणार होत्या फक्त सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाई.

"किती आला गं?" आत्यानं वाकून विचारलं.

"दिसत नाही, आत्या."

"पण अंदाजे?"

"वन्सं, जरा बाजूला व्हा," आई म्हणाली. "पोरीला वारा तरी लागू द्या."

"मी काय वारा अडवते? मी तर गप्पच आहे. हवं तर गल्लीला विचार."

गल्ली खरंच गप्प होती. पलीकडच्या घरातला मक्याची कणसं सोलायच्या यंत्राचा आवाज सकाळपासून बंद होता. कुत्र्याला लांब नेऊन बांधलं होतं. येणारा-जाणारा दारातून डोकावून खुणेनंच विचारायचा, आणि आई खुणेनंच सांगायची, अजून काही नाही. थोरलीला मात्र वाटायचं, आजारी माणसाला शेवटचं बघायला आल्यासारखे हे सगळे येताहेत.

तिचा बाप विहिरीतल्या मोटारी काढायचा, दुरुस्त करून परत बसवायचा. थोरली हाताशी आल्यापासून त्याच्याबरोबर विहिरीत उतरायची. तिच्या पायाला कधी कापरं भरल्याचं कोणी बघितलं नव्हतं. सशस्त्र पोलिसांच्या भरतीला ती गेली, तेव्हा धावण्यात, उडीत, लेखी परीक्षेत कुठंच अडली नाही. अडली ती शेवटच्या खोलीत. रक्तदाब जास्त निघाला. पुन्हा मोजला, तर त्याहून जास्त. अपात्र. तिनं अपील केलं. तेव्हाही तेच टेबल, तीच रांग, मागे उभी असलेली घामेजलेली पोरं, आणि आकडा वरच.

मग ती कोर्टात गेली. वकीलबाईंनी सांगितलं, घाईघाईत एका जागी मोजलेल्या दाबावर कोणाचं आयुष्य ठरवू नये. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या रुग्णालयात नीट तपासा, तोवर एक जागा रिकामी ठेवा, असा आदेश दिला. बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "आता यात जे येईल ते शेवटचं. पुन्हा कोर्टाचं दार वाजवता यायचं नाही."

थोरलीची झोप उडाली ती तेव्हापासून. तिला दाबाची भीती नव्हती, मोजण्याची होती. पट्टी उलगडतानाचा तो चर्र आवाज आला की छातीत धडधड सुरू व्हायची. धडधडतंय हे कळलं की भीती वाढायची, आणि भीती वाढली की आणखी धडधडायचं. हे सगळं तिला नीट कळत होतं. कळून उपयोग मात्र काही नव्हता.

डॉक्टरबाईंनी यंत्र बांधताना बजावलं होतं, "रोज जे करता तेच करा. पट्टी आवळायला लागली की तेवढा वेळ हात सैल सोडून उभं राहा. आणि भिजवू नका." पण घरी आल्यावर आत्यानं तिला जी खाटेवर आडवी केली, ती उठू दिली नाही.

ऊन कलायला लागलं होतं. तेवढ्यात गवंड्याची बायको धापा टाकत आली. बोलू की नको, असं तिला झालं होतं.

"काय झालं?" थोरली उठून बसली.

"काही नाही. तू पड."

"काय झालं, काकू?"

"तुझा बाप... कांद्याच्या वावरातल्या विहिरीत घसरलाय. हाक मारली तर नुसतं हं म्हणतो."

तिला उठवायला नको म्हणून तो एकटाच उतरला होता.

थोरली पळत सुटली. मागून आत्या. "अगं, पट्टी तरी काढ!"

"काढली तर केस गेली!"

"ठेवलीस तरी गेली की!"

विहिरीच्या काठावर गवंडी दोर घेऊन उभा होता, पण उतरायला धजत नव्हता. थोरलीनं डबी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, पिशवी स्वतःच्या गळ्यात घट्ट बांधली आणि लोखंडी कड्यांवरून खाली निघाली. कडी शेवाळानं बुळबुळीत झाली होती. अर्ध्यावर असताना पट्टी आवळायला लागली. ती एका हातानं लटकून राहिली, आवळलेला हात सैल सोडला आणि डोळे मिटले. खालून बापाचा आवाज येत नव्हता.

बाप छातीभर पाण्यात, मोटारीच्या पाइपाला मिठी मारून होता. ओठ निळे पडले होते. एक पाय भलतीकडेच वळला होता.

"बाबा, पाइप सोडा."

त्यानं मिठी आणखी घट्ट केली.

"बाबा, मी आहे. सोडा."

तिनं त्याचं एकेक बोट सोडवलं, दोराची बैठक करून त्याला तीत अडकवलं आणि वर हाक दिली. वर चार-पाच जणांनी ओढायला सुरुवात केली. पाय कपारीला आपटला तसा बापानं गवंड्याला एक सणसणीत शिवी हासडली.

शिवी ऐकली आणि थोरली कपारीवर चढून बसली. बाप जिवंत होता. दोर परत यायला वेळ होता. गार हवा, पाण्याचा ठिबकण्याचा आवाज, वर आभाळाचा वाटोळा तुकडा. पट्टी पुन्हा आवळली. तिनं हात मांडीवर सोडून दिला. आकड्याचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

ते आलं रात्री. बापाला त्याच सरकारी रुग्णालयात ठेवलं होतं, घर सुनं होतं. आपण स्वतःच्या हातानं सगळं घालवलं, असं वाटून ती उशी दातांत धरून पडली.

सकाळी डॉक्टरबाईंनी डबी संगणकाला जोडली.

"काल दुपारी घरी काय चाललं होतं? सगळे आकडे वर आहेत."

"मला शांत ठेवत होते."

डॉक्टरबाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. "आणि इथं एकदम चढलाय."

"बाबा विहिरीत पडले होते. मी उतरत होते."

"मग चढणारच. माझाही चढला असता." त्यांनी बोट पुढं सरकवलं. "हा त्याच्या पुढचा. जागेपणीचा सगळ्यात कमी. घरी येऊन पडलात का?"

"नाही. विहिरीतच होते. दोराची वाट बघत."

"एकट्या?"

"हो."

त्यांनी रात्रीचे आकडे बघितले, बेरीज-भागाकार करून निघालेली सरासरी बघितली. मग खुर्ची वळवली. "आत्ता मला बघून धडधडतंय?"

"खूप," थोरली म्हणाली. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

डॉक्टरबाई लिहायला लागल्या.

खालच्या मजल्यावर बाप पायाला प्लास्टर घालून बाकावर बसला होता. तिला बघून तो उठायला गेला, जमलं नाही.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मी डॉक्टरांना भिते."

बापाचा चेहरा उतरला. "मग?"

"मग लिहिलं, दाबाचा आजार नाही, पात्र. कोर्टाला तसंच कळवणार म्हणाल्या."

बापानं तिचा हात धरून तिला बाकावर शेजारी बसवलं. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "मीही काल फार भ्यालो होतो गं. तुझ्या आत्याला सांगू नको."