तोंडी म्हणजे तोंडी

तोंडी परीक्षेचा दिवस म्हणून शाळेत नेहमीचीच गडबड होती. भाषेचे सर खिडकीशी टेबल ओढून एकेकीला आत बोलावत होते. शिंप्याची धाकटी लेक आत आली, तेव्हा त्यांना जरा बरंच वाटलं. घरीदारी सगळे तिला बारकी म्हणत. तिचे निबंध सर दुसऱ्या वर्गांत कौतुकाने वाचून दाखवत. फक्त बोलताना तिची जीभ अडखळे. पहिलं अक्षर ओठांवर येऊन हटून बसे.

"धड्यातला नावाडी मागे का फिरला, सांग बरं."

"का-का-कारण..." बारकीने डोळे मिटले. मानेची शीर ताठ झाली. "का..."

उत्तर तिला येत होतं, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. वर्गात ते थांबत आणि ती बोलायचीच. पण ठरल्या वेळात उत्तर सुरू झालं नाही तर शून्य, असा नियम होता. त्यात शाळेच्या मोठ्या बाई पाहणीला येऊन दारातच उभ्या.

"स-सर, ल-लिहून..." बारकीने फळ्याकडे बोट केलं.

"तोंडी म्हणजे तोंडी," मोठ्या बाई म्हणाल्या. "आज हिला सूट दिली, तर उद्या अख्खा वर्ग तोतरा होईल."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी मान खाली घातली आणि शून्य मांडलं.

तोंडीत नापास म्हणजे विषयात नापास, आणि विषयापायी वर्ष गेलं. सुट्टी संपून शाळा उघडली, पण बारकी आलीच नाही. तिच्या रिकाम्या जागेकडे पाहून सरांना शिकवणं सुचेना. शेवटी ते मोठ्या बाईंकडे गेले.

"बाई, ती नापास झाली नाही. आपण तिचं ऐकून घेतलं नाही."

"नियम काय मी केलाय, सर?"

"नुसता नियमच चालवायचा, तर खुर्चीत माणूस कशाला बसवायचा? घड्याळ ठेवलं तरी चाललं असतं की!"

मोठ्या बाई चिडल्या, पण सरांनी पिच्छा सोडला नाही. अखेर त्या वैतागून म्हणाल्या, "घ्या पुन्हा परीक्षा. वरून विचारणा झाली तर तुम्ही निस्तरा."

सर जवळजवळ पळतच शिंप्याकडे गेले. बाहेरच्या खोलीत पायाखाली चिंध्याच चिंध्या. बारकी कोपऱ्यातल्या मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होती. शिंप्याने कापडाचा ढीग सरकवून त्यांना बसायला जागा केली आणि सगळं ऐकून घेतलं.

"राहू द्या, सर. मशीनशी बोलावं लागत नाही. इथे तिला कुणी हसत नाही."

"अहो, पण पोरगी हुशार आहे!"

"हुशारीचं काय घेऊन बसलात," काज करता करता बारकीची आई म्हणाली. "अडखळत का होईना, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असायचा तिचा. मीच ओरडायची, गप बस म्हणून. त्या दिवसापासून एक शब्द नाही, सर. भूक लागली तर ताट पुढे करते."

सर बारकीजवळ जमिनीवरच बसले.

"बारके, चुकलं माझं. तुला हवा तेवढा वेळ घे. मी थांबतो."

मशीन थांबलं. बारकीचे ओठ हलले. शिंप्याची कात्री कापडात तशीच राहिली. आईने श्वास रोखला. बारकीची मान ताठ झाली, डोळे भरून आले. मग तिने ओठ घट्ट मिटले, मान हलवली आणि पुन्हा मशीनचं पायडल दाबलं.

सर बराच वेळ तिथेच बसून होते. त्यांना कुणी उठा म्हटलं नाही.

पुढच्या परीक्षेच्या आधी त्यांनी मोठ्या बाईंना स्पष्ट सांगितलं, "हा नियम आहे तोवर मी त्या टेबलाशी बसणार नाही. काय कारवाई करायची ती करा."

मोठ्या बाईंनी कारवाई केली नाही. त्यांनी ते काम इतिहासाच्या सरांना दिलं. परीक्षा वेळेवर सुरू झाली आणि वेळेवर संपली.