या हं परत

ह्यांचा कॅन्सर हाडांत उतरला, तेव्हा डॉक्टरांनी मृणालिनी मॅडमना घरी पाठवलं. मनाच्या डॉक्टर. दुखतंय कंबरेत, आणि ही बाई मनाचं काय करणार? माझं डोकंच फिरलं.

मॅडमनी आमच्या भाईंदरच्या घरात ह्यांच्यासमोर एक रिकामी खुर्ची ठेवली. "रामनाथकाका, तुमची भीती इथं बसलीय असं समजा. तिच्याशी मोकळं बोला. शेवटी तिला जायला सांगा."

ह्यांचा जन्म गेला मिठागरावर, बोलायची सवय कुठली? पण त्या खुर्चीशी तासभर बोलले. चाळीस वर्षांत मला जे सांगितलं नाही, ते सगळं. स्वयंपाकघरातून ऐकताना माझा नुसता जळफळाट झाला.

"आता निरोप द्या," मॅडम म्हणाल्या.

हे भिंतीला धरून उठले, दारापर्यंत गेले, आणि आल्यागेल्याला म्हणायचे तसं सवयीनं म्हणाले, "या हं परत."

मॅडम हसल्या. मला नाही हसू आलं. ह्यांनी ज्याला असं म्हटलं, तो माणूस आमच्याकडे परत आला नाही, असं कधी झालेलं नाही.

हे गेल्यावर महिन्यानं मॅडम भेटायला आल्या आणि नेमक्या त्याच खुर्चीवर टेकायला लागल्या. मी दंडाला धरून त्यांना पलंगावर बसवलं.

"तिथं नको. ती बसलीय."

"कोण, काकू?"

"ह्यांनीच बोलावलेलं ना? तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आली. हे घरात नव्हते. मग आता माझ्याशीच बोलत बसते."