ताईने रंगवलेली गाडी

दातांच्या लॅबमध्ये ताईचं टेबल खिडकीपाशी होतं. रंग जुळवायचा तर दिवसाचाच उजेड हवा, हा तिचा हट्ट. डॉक्टर लोक पेशंटच्या शेजारच्या दातांची शेड कळवायचे आणि ताई पोर्सिलेनचे पातळ थर चढवून अशी कॅप बनवायची, की आरशात बघणाऱ्याला आपला दात कुठला आणि बनवलेला कुठला, हे सांगता येऊ नये. दात नुसता पांढरा नसतो, मुळाशी तो उबदार पिवळसर असतो आणि कडेला अगदी किंचित निळसर राखी, हे ती शिकाऊ मुलींना इतक्या वेळा ऐकवायची की त्या पाठीमागे तिची नक्कल करायच्या. "माझ्या हातचा दात कधी परत आला नाही," हे तिचं दुसरं वाक्य. निरोपाच्या दिवशी मालकांनी भाषणात नेमकं तेच वाक्य म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

निवृत्त झाल्यावर मात्र तिला घर खायला उठलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. कपाटं आवरून झाली, पडदे शिवून झाले, शेजारणीच्या सुनेला स्वेटर विणून झाला. मग एका रविवारी तिचा धाकटा भाऊ छातीशी भलंमोठं खोकं कवटाळून जिना चढून आला. धाकटा बस डेपोत मेकॅनिक होता. बसचं इंजिन नुसतं ऐकून तो दुखणं ओळखायचा.

"काय रे हे? फ्रिज आणलास की काय?"

"शर्यतीची गाडी आहे. खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाएवढी. सगळे भाग सुटे. आपण जोडायची. इंजिन, चाकं, स्टिअरिंग माझं. रंग तुझा."

"या वयात खेळणी?"

"खेळणं नाही गं, बघ तरी."

ताईने बघितलं आणि तिथेच अडकली. बोटाएवढे शॉक अब्सॉर्बर होते, तारांची जाळी असलेली चाकं होती, वेग दाखवणारी, खिळ्याच्या डोक्याएवढी काट्यांची घड्याळं होती. खोक्यावरच्या चित्रात गाडी पांढरी, नाकापासून शेपटापर्यंत निळा पट्टा, दारावर गोलात आकडा. मागच्या खोलीत टेबल मांडलं गेलं आणि दर रविवारी दोघं समोरासमोर बसू लागली. धाकटा चिमट्याने स्क्रू लावताना जीभ बाहेर काढायचा. ताई म्हणायची, "आत घे, नाहीतर तीही चिकटवशील."

रंगवलेले भाग धाकटा आपल्या घरी न्यायचा. "तुझ्याकडे रस्त्याची धूळ येते. माझ्या कपाटात नीट वाळतील," म्हणायचा. पुढच्या रविवारी ते वाळून परत यायचे आणि ताई हातात फिरवून खूश व्हायची. ओला असताना रंग तिला थोडा खरबरीत वाटायचा, वाळल्यावर काचेसारखा बसलेला असायचा. "रंगाला वेळ दिला की तो आपलं ऐकतो," ती सांगायची. धाकटा मान डोलवायचा.

कधी तिला कडा नीट दिसत नसत. "या दिव्यात दम नाही," ती कुरकुरायची. धाकट्याने एकदा बल्ब बदलला, मग दिवाच नवा आणला. "ही खोलीच अंधारी आहे गं," तो म्हणाला. ताईला ते पटलं.

गाडी पूर्ण झाली तेव्हा धाकट्याने तिच्यासाठी काचेची पेटी बनवून घेतली. शेजारपाजारचे बघून गेले. "हात आहे बाई तुमचा," असं जो तो म्हणाला.

त्यानंतर काही आठवड्यांनी ताईच्या चष्म्याची दांडी तुटली. चष्मेवाल्याने सहज म्हणून डोळे तपासले आणि हातातलं यंत्र खाली ठेवलं. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. तुम्हाला दिसत कसं होतं?"

"दिव्यांचा दोष समजत होते मी," ताई म्हणाली.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि ताईला हसूच आवरेना. दवाखान्याची भिंत तिने चहाच्या रंगाची समजली होती, ती स्वच्छ पांढरी निघाली. आरशात आपल्या सुरकुत्या बघून तिने "अगं बाई" म्हटलं. न्यायला आलेल्या धाकट्याच्या मिशीला कलप आहे हेही तिला तेव्हाच कळलं. "कधीपासून लावतोस रे?" धाकटा लाजला. त्या दिवशी दोघं रस्ताभर हसत आली.

घरी पोचल्यावर धाकटा औषधं आणायला गेला आणि ताई मागच्या खोलीत गेली. आपली गाडी आता खऱ्या डोळ्यांनी बघायची होती. तिने काचेची पेटी उचलून बाजूला ठेवली.

गाडी सुंदर होती. पांढरा अगदी पांढरा, निळा अगदी निळा, पट्ट्याची कड सुरीने कापल्यासारखी. ताईला भरून आलं. तिने डावा डोळा मिटून बघितलं, मग उजवा मिटून. ऑपरेशन न झालेल्या डोळ्याला तीच गाडी पिवळट, मळकी दिसत होती. त्या डोळ्याने ती पांढरा रंग आणि साय यांतला फरक सांगू शकली नसती.

मग तिच्या लक्षात आलं. दोन्ही डोळे असे असताना तिने हा रंग मिसळला होता. त्या डोळ्यांना हा पांढरा सापडणं शक्यच नव्हतं.

तिने भिंग घेतलं. पत्र्याच्या कडांना, चाकांच्या कमानींपाशी, पांढऱ्यात किंचित निळसर राखी छटा विरघळवलेली होती. दाताच्या कडेला देतात तशी. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नव्हती. ताईने ती ऐकवली सगळ्या मुलींना होती, पण हात धरून शिकवली एकीलाच. लॅबमधल्या चिमणीला.

धाकटा औषधाची पिशवी घेऊन आत आला तेव्हा ताई गाडीसमोर बसली होती.

"ही मी रंगवलेली नाही," ती म्हणाली.

"म्हणजे? तूच तर..."

"धाकट्या, आता मला दिसतं."

तो दारातच उभा राहिला. मग खुर्ची ओढून बसला आणि पिशवीचे बंद बोटाला गुंडाळू लागला. "तुझा रंग बिघडत होता, ताई. पांढरा पिवळा पडायचा, पट्टा बाहेर जायचा. तू एवढी रमली होतीस. मला बोलवेना."

"मग भाग वाळवायला नेत होतास ते..."

"चिमणीकडे. ती तुझा रंग उतरवून पुन्हा द्यायची. लहान भागांवर वरूनच द्यायची."

"सगळे?"

"सगळे," तो म्हणाला.

"आणि तुला चिमणी कुठे भेटली? तू तर कधी लॅबमध्ये आला नाहीस."

या प्रश्नाने तो जास्त घाबरला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "तिनेच फोन केला होता. तू निवृत्त व्हायच्या आधी. म्हणाली, ताईंना नीट दिसत नाही, घरच्या कोणीतरी त्यांना समजवा."

"आणि तू मला समजवायच्या ऐवजी गाडी आणलीस."

"निवृत्त झालीस की प्रश्न मिटेल असं वाटलं गं. मन रमेल तुझं."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आवाज चढला नाही. "जा तू आता," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका म्हटलेलं असताना ती काळा चष्मा लावून लॅबमध्ये गेली. खिडकीपाशी आता चिमणी बसायची. ताईला बघून ती उठून उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरून ताईला कळलं की धाकट्याचा फोन आधीच येऊन गेलाय.

"ताई, बसा ना."

"बसायला नाही आले. माझे दात परत येत होते का?"

चिमणीने ब्रश पुसला, पुन्हा पुसला. "शेवटच्या वर्षात येत होते."

"मला कसं कळलं नाही?"

"तुमच्या हाती लागू नयेत म्हणून परत आलेल्या दातांचे डबे आधी माझ्याकडे यायचे. नंतर नंतर मी तुमच्या ट्रेमधले दात डॉक्टरांकडे जायच्या आधीच बदलायचे. मालकांनी बजावलं होतं, ताईंना कोणी काही बोलायचं नाही, थोडे दिवस राहिलेत, मानाने जाऊ द्या."

"म्हणजे निरोपाच्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं."

चिमणीचे डोळे भरले. "तुम्ही मला घडवलंत, ताई. मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

"याच तोंडाने," ताई म्हणाली. "माझ्या तोंडावर. 'ताई, डोळे दाखवून घ्या.' एवढंच म्हणायचं होतं. अर्ध्या तासाचं ऑपरेशन आहे ते, चिमणे. दुसऱ्या आठवड्यात मी इथे याच खुर्चीवर बसले असते. तुम्ही माझा मान राखलात आणि मला आंधळं ठेवलंत."

मालक केबिनच्या काचेतून बघत होते. ते बाहेर आले नाहीत.

घरी येऊन ताईने गाडीतली चालकाची सीट सोडवली आणि सुरीच्या टोकाने रंग खरवडला. वरच्या सुबक थराखाली तिचा स्वतःचा थर होता. गुठळ्या पडलेला, शिवणीवरून वाहिलेला, लहान मुलाने रंगवावा तसा. ते खोटं बोलत नव्हते तर. तिला वाटलं होतं हे बघून राग निवळेल. तो निवळला नाही. हे तिला तेव्हाच बघायला मिळायला हवं होतं, तिचंच काम होतं ते. सगळ्यांनी बघितलं आणि तिच्यापासून लपवलं.

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला तिने शेजारणीला बरोबर नेलं. धाकट्याने दोनदा दार वाजवलं, तिने उघडलं नाही. तिसऱ्यांदा उघडलं ते गाडी त्याच्या हातात द्यायला. "चिमणीची आणि तुझी आहे. घेऊन जा." तो जिन्यावर रडला. ताईने दार लावून घेतलं.

खरा त्रास पुढेच होता. कुणी काही चांगलं बोललं की तिच्या मनात पाल चुकचुकायची. शेजारणीची सून म्हणाली, "तुमचा स्वेटर अजून वापरते हं." ताईने तिच्या तोंडाकडे रोखून बघितलं, तिला वाटलं, कपाटाच्या तळाशी पडला असेल. भाजीवाली म्हणाली, चेहरा उजळला तुमचा. कशावरून? नवऱ्याला तिचं गाणं आवडायचं, तो गेला, आता त्याला विचारायची सोय नव्हती. एका खोट्याने तिच्या सगळ्या आठवणी पोखरून काढल्या.

बऱ्याच दिवसांनी तिने स्वतः जाऊन तशाच एका गाडीचं नुसतं वरचं कवच आणलं. रंगाखालचं अस्तर दिलं, घासलं, पांढरा दिला. हात पूर्वीसारखा चालत नव्हता, पण काय चुकतंय ते दिसत होतं. दोनदा सगळं उतरवून पुन्हा केलं. तिसऱ्यांदा निळा पट्टा मारून कडेला लावलेली टेप सोलली तेव्हा तिने श्वास रोखला होता.

तेवढ्यात बेल वाजली. धाकटा होता. मिशी पांढरी झाली होती, कलप बंद केला होता.

"आलास तर बघ," ती म्हणाली. "पण जे दिसेल ते बोलायचं. गोड नको."

धाकटा वाकला. बराच वेळ बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला. शेवटी मागच्या चाकाच्या वर बोट ठेवून म्हणाला, "इथे निळा जरासा वाहिलाय."

ताईला हलकं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी तिला तिचं चुकलेलं दाखवत होतं. ती भिंग घेऊन जवळ गेली. त्याचं बोट होतं तिथे बघितलं. वरून, खालून, दिव्याचा कोन बदलून.

कड सरळ होती. कुठेही काही वाहिलं नव्हतं.

तिने भिंग खाली ठेवलं. "इथे काही नाही, धाकट्या."

"मला वाटलं... तुला तेच ऐकायचं होतं."

ताईने त्याच्याकडे बघितलं. चेहरा खरोखर गरीब होता त्याचा. लहानपणी त्याने काही फोडलं की असाच उभा राहायचा, आणि ती हसून त्याला जवळ घ्यायची. आज हसू आलं नाही.

"जा तू," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने गाडी खिडकीत नेली आणि स्वतः नीट तपासली. पट्टा चांगला होता. नाकापाशी मात्र पांढऱ्यात एक केस अडकला होता, तो त्याला दिसलाच नव्हता. तिने बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि घासायला घेतलं.