दोन नोरा आणि एक तीनचा आकडा

मित्रांनो, माझ्या अंगावर चार नावं कोरलेली आहेत आणि त्यातलं एकही माझं नाही! मी एक जुना थडग्याचा दगड. आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर परगण्यात, समुद्राचा खारा वारा थेट तोंडावर घेत उभा आहे. थडगं म्हटलं की मुलं लगेच भुतं शोधायला लागतात. अहो, इथे भुतंबितं काही नाहीत. इथे गवत आहे, दोन आगाऊ कावळे आहेत आणि कॉन्सिडाइन घराणं आहे.

माझा जन्म जवळच्याच खाणीतला. जॉन जो नावाच्या पाथरवटानं मला घासून गुळगुळीत केलं. कोरताना तो शीळ घालायचा आणि छिन्नी घसरली की शिव्या मात्र मला द्यायचा. माझ्यावर पहिलं नाव आलं थॅडी कॉन्सिडाइन या आजोबांचं. लोक माझ्यावरून हात फिरवून म्हणायचे, "काय देखणं काम झालंय!" मी चांगलाच फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

काही वर्षांनी दुसरं नाव आलं आणि माझा सगळा फुगा फुटला. थॅडींची नात नोरा, तीन महिन्यांची. त्या दिवशी जॉन जो शीळ न घालता कोरत होता. मधली जागा पुढच्या मोठ्या माणसांसाठी राखायची म्हणून त्यानं बाळाचं नाव अगदी तळाशी, बारीक अक्षरांत बसवलं. नोरा, १९३८. बास, एवढंच. वय लिहायला जागाच उरली नाही.

आता इथली रीत ऐका. थोरल्या मुलीला आजीचं नाव द्यायचं. ती मुलगी दगावली तर आजीचं नाव वाया जाऊ द्यायचं नाही, पुढच्या मुलीला तेच ठेवायचं. त्यामुळे दोन वर्षांनी त्या घरात पुन्हा नोरा जन्मली! ही दुसरी नोरा चालायला लागली तेव्हापासून माझ्याकडे येते. दर उन्हाळ्यात आमच्याकडे थडग्यांचा रविवार असतो. लांबलांबची माणसं येतात, गवत काढतात, फादर सगळ्या थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडतात आणि मग थर्मासमधला चहा आणि हॅम सँडविच. दुसरी नोरा साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं मला धुते आणि तळाशी वाकून विचारते, "काय गं नोरे, बरी आहेस ना?" आपल्याच नावाचं थडगं धुणारं माणूस तुम्ही कधी पाहिलंय? मी बघत आलोय. आता ती पंच्याऐंशीची आहे.

पुढे तिचे आईवडील माझ्यावर आले, भाऊ बोस्टनला गेला, ती लग्न करून एनिस शहरात गेली. त्या एका रविवाराखेरीज माझ्याकडे कुणी फिरकेना. माझ्या अंगावर शेवाळ चढलं, कावळ्यांनी काय काय केलं ते सांगत नाही.

आणि मग दोन वर्षांपूर्वी कर्टिस आला! नोराच्या बोस्टनच्या भावाचा नातू. चाळिशीचा, उत्साहानं नुसता फसफसलेला. त्याला आपल्या घराण्याचा वंशवृक्ष इंटरनेटवर मांडायचा होता. मला वाटलं, चला, कुणाला तरी आपली आठवण झाली! पण त्यानं पिशवीतून काय काढलं? तारेचा ब्रश! खसाखसा घासलं मला. मग अक्षरं उठून दिसावीत म्हणून दाढीचा फेस फासला. मित्रांनो, मी चुनखडीचा आहे. मला ओरखडे पडतात. नेमके ते पडले तळाच्या तीनच्या आकड्याजवळ. इंग्रजी तीन म्हणजे डावीकडून उघडा राहिलेला आठ, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ओरखड्यांत फेस भरला, उघडी बाजू बंद झाली, आणि १९३८चं झालं १९८८.

कर्टिसनं फोटो काढला आणि मागे भिंतीवर बसलेल्या म्हाताऱ्या पॅकीला विचारलं, "ही नोरा कशी होती हो?"

पॅकी म्हणजे नोराचा चुलतभाऊ. चष्मा घरी विसरलेला. तो खुलला. "नोरा? अरे, काय पोरगी! अठराव्या वर्षी मठात गेली नन व्हायला. आणि एकविसाव्या वर्षी पळाली! पावाच्या गाडीत बसून!"

गावातल्या कुणीही आधी विचारलं असतं, "कुठली नोरा, पहिली की दुसरी?" कर्टिसला दोन नोरा आहेत हे माहीतच नव्हतं. पॅकीला वाटलं, हे जगात कुणाला माहीत नसेल? सरकारी कचेरी शंभर वर्षं होईपर्यंत कुणाच्या जन्माची नोंद इंटरनेटवर उघडी करत नाही, त्यामुळे तिथेही कर्टिसला दुसरी नोरा भेटली नाही. त्याच्या वंशवृक्षात मेलेल्यांचं सगळं सगळ्यांना दिसतं. जिवंत माणसाचा फक्त करडा, कोरा चौकोन. कर्टिसनं नोराला मेलेल्यांत टाकलं, आणि पॅकीची गोष्ट खाली जशीच्या तशी लिहिली.

गेल्या थडग्यांच्या रविवारी नोरा मला धूत होती. तिची पंधरा वर्षांची नात डर्वला फोनवर कर्टिसचा वंशवृक्ष उघडून उभी होती.

"आजी, मी जन्मायच्या आधीच तू वारलीस म्हणे."

"हो का? मग सकाळी अंडी कुणी उकडली?"

"हसू नकोस. खाली लिहिलंय, तू मठातून पळालीस. खरंय?"

नोराचा ब्रश थांबला. "आणखी कुणी वाचलं हे?"

"बाबांनी. त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकलं. आता सगळ्यांनीच वाचलंय."

नोरा बादलीच्या काठावर हात टेकून खाली बसली. त्या काळी मठातून परतलेल्या मुलीकडे लोक नासलेल्या दुधासारखं बघायचे. गावातल्या जुन्या माणसांना ते ठाऊक होतं, पण एनिसला गेल्यावर तिनं ते फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. "मी सांगणारच होते तुझ्या बाबाला," ती म्हणाली. "आयुष्यभर दिवस शोधत राहिले. आणि तो दिवस कुणी भलत्यानंच ठरवला."

नेमका तेव्हाच पॅकी कर्टिसला घेऊन आला. कर्टिस खास बोस्टनहून आला होता. वाकून मोठ्या आदरानं म्हणाला, "तुम्ही या घराण्यातल्या कोण?"

"मी नोरा."

"नोरा तर अठ्ठ्याऐंशी साली गेल्या."

"मला कुणी कळवलं नाही!"

पॅकी इतका हसला की त्याला ठसका लागला. नोरा नाही हसली. तिनं कर्टिसचं बोट धरून माझ्या तळाशी टेकवलं. "हा तीन आहे, बाळा. ही माझी बहीण. तीन महिने जगली. तिच्या नावाची खूण जगात एवढीच होती. तू तीही माझ्या नावावर केलीस, आणि माझं जे होतं ते चव्हाट्यावर मांडलंस. एनिसमध्ये माझं घर आहे, दाराला घंटा आहे. वाजवायची नाही?"

कर्टिस लालबुंद झाला. "चुकलं माझं. मला वाटलं, गेलेल्या माणसाला काय..."

"गेलेय का मी?"

त्यानं तिथेच, ओल्या गवतात गुडघे टेकून, फोनवर दुरुस्ती केली. पहिली नोरा, १९३८, तिचं तिला परत मिळालं. दुसऱ्या नोराच्या जागी करडा, कोरा चौकोन आला. नोरानं चष्मा वर करून तो नीट पाहिला.

"छान दिसतेय मी," ती म्हणाली.

"पण लोकांनी वाचलं ते?" डर्वला म्हणाली.

"ते काही पुसता येत नाही. मठात गेले आणि परत आले, तेवढं आता सगळ्यांना ठाऊक आहे. असू दे. पण का आले, ते कुणालाच माहीत नाही. पॅकीला तर मुळीच नाही. पावाची गाडी म्हणे! ते तुला सांगते आणि घरी गेल्यावर तुझ्या बाबाला."

कर्टिसचा हात फोनकडे गेला. नोरानं नुसतं पाहिलं. त्यानं फोन खिशात घातला, पॅकीचा दंड धरला आणि दोघं चहाच्या थर्मासकडे चालू लागले.

मित्रांनो, तुमच्या गावातल्या जुन्या दगडांना तारेचा ब्रश लावू नका. साधं पाणी पुरतं. आणि आपल्या माणसांची माहिती जरूर शोधा, आम्हाला आवडतं ते. फक्त त्यातलं जे माणूस अजून चहा पितंय, त्याच्या दारावरची घंटा आधी वाजवा. माझा तीन आता कायमचा अर्धवट आठ दिसणार. माझ्यावर मधे एक जागा अजून रिकामी आहे. ती दुसऱ्या नोराची. तिनं घाई करू नये एवढंच माझं म्हणणं.

त्या दिवशी तिनं माझ्या अंगाला पाठ टेकवली, डर्वलाला जवळ ओढलं आणि सगळं सांगितलं. मी शब्दन् शब्द ऐकला.

पण नोरा जिवंत आहे. त्यामुळे ते तुम्ही मला विचारू नका.