हरायचा बेत

टोकियोतल्या ओजिमा भागातल्या भारतीय बायकांच्या बास्केटबॉल टीमची मी कॅप्टन आहे, आणि खरं सांगायचं तर मला आता या सगळ्याचा वीट आलाय. आठवडाभर बँकेत मान मोडून काम करायचं आणि रविवारी सकाळी वॉर्डाच्या हॉलमध्ये जाऊन हरायचं. बरं, हरायचं तेही धड नाही. टोकियो आणि आसपासच्या भारतीय बायकांच्या पाच टीम. आम्ही कायम मधेच कुठेतरी लोंबकळत. कप मिळत नाही आणि चांगली नवी खेळाडूही मिळत नाही.

नव्या खेळाडूंचं असं आहे. २०११च्या भूकंपानंतर निम्म्या बायका पोरांना घेऊन भारतात गेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच परतल्याच नाहीत. उरायासुच्या टीमकडे चौघी उरल्या, आमच्याकडे तिघी. तेव्हा लीगने नियम केला की वर्षभरात ज्या नव्या बायका पोस्टिंगवर येतील, त्यांची वाटणी एप्रिलमध्ये करायची, आणि पहिली निवड शेवटच्या नंबरच्या टीमची. याला आम्ही मोठ्या ऐटीत ड्राफ्ट म्हणतो.

या वर्षी ड्राफ्टमध्ये केतकी होती. पुण्याहून आलेली सॉफ्टवेअर इंजिनिअर, विद्यापीठाच्या टीममधून खेळलेली. तिला हॉलमध्ये एकटीला सराव करताना पाहिलं आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ही आली की मी माझे गुडघे घेऊन घरी बसायला मोकळी.

साखळीतला शेवटचा सामना उरायासुशी होता. या वर्षी तळाला आम्ही दोन्ही टीम, विजय सारखेच. जिंकणारी टीम चौथी येऊन उपांत्य फेरीत जाणार आणि तिथे पहिल्या नंबरच्या निशी-कासाईकडून सपाटून मार खाणार. हरणारी शेवटची येणार आणि केतकीला नेणार.

चारुताच्या घरी बैठक झाली. चारुता आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, त्यामुळे चहाआधी लॅपटॉप उघडला गेला. "आपण रीबिल्डिंग फेजमध्ये जायला हवं," ती म्हणाली. हरायचं हा शब्द कुणीच उच्चारला नाही. फक्त कौमुदीने विचारलं, की पुढच्या वर्षी आपल्यातलं कोण कोण इथे असणार आहे? सगळ्यांचीच पोस्टिंगं तीन-तीन वर्षांची, कुणाचा व्हिसा संपत आलेला, कुणाचं कंत्राट. मग चहा आला आणि बेत ठरला.

कल्पनाताईंना आम्ही बैठकीला बोलावलंच नव्हतं. त्या आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या. भूकंपानंतर उरलेल्या तिघींपैकी मी एक, कौमुदी दुसरी आणि त्या तिसऱ्या. हॉल बंद होता तेव्हा आम्हाला बागेत ओढून नेऊन खेळायला लावलं ते त्यांनीच. आता मात्र त्यांच्या वाट्याला चेंडूंची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या येतात, खेळायला मिळतात ती शेवटची दोन-चार मिनिटं. त्यांच्या नवऱ्याची, गुणवंतरावांची, बदली झाली होती. मार्चअखेर दोघं कायमची डोंबिवलीला जाणार होती. जाण्याआधी एकदा पूर्ण सामना खेळायचाय, असं ताई मला म्हणाल्या होत्या.

म्हणून मीच सुचवलं, की ताईंना पहिल्यापासून उतरवू. त्यांची हौस फिटेल आणि आपलंही काम होईल. इतका सोयीस्कर विचार मी आयुष्यात केला नसेल. फोन करून त्यांना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

रविवारी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. उरायासुची सगळ्यात उंच सुप्रभा शाल पांघरून बाकावर बसलेली. त्यांच्याच शैलजाला म्हणे सर्दी. म्हणजे त्याही आमच्यासारख्याच शहाण्या. इकडे आमची चारुता पाय मुरगळल्याचं सांगत होती.

तसा सामना मी पुन्हा बघणार नाही. कुणी बास्केटकडे चेंडू टाकेना. टाकला तर असा, की खालची जाळीसुद्धा हलू नये. चेंडू हातात आला की प्रत्येकीला बुटाची नाडी आठवायची. हायाशी-सान हे निवृत्त गृहस्थ आमचे पंच, दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून फुकट येणारे. त्यांनी मधेच शिट्टी फुंकून दोन्ही टीमना जवळ बोलावलं आणि अतिशय अदबीने विचारलं, सगळ्यांची तब्येत बरी आहे ना? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धावत होत्या त्या एकट्या कल्पनाताई. धापा टाकत, लाल होत, प्रत्येक चेंडूमागे. छातीपासून दोन्ही हातांनी ढकलायची त्यांची ती जुनी पद्धत. सुरुवातीला चुकल्या, मग एक गेला, मग आणखी एक. त्यांना अडवायला कुणी येतच नव्हतं. उरायासुचेही एक-दोन चेंडू चुकून आत गेलेच, त्यामुळे शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा गुण बरोबरीत होते आणि चेंडू ताईंच्या हातात. मी बाजूने हात हलवून मागे दे, मागे दे अशी खूण केली. त्यांनी वळून माझ्याकडे नीट पाहिलं आणि चेंडू बास्केटमध्ये टाकला.

आम्ही जिंकलो. टाळ्या कौमुदीने वाजवल्या, हायाशी-साननी वाजवल्या, आणि मग नाइलाजाने बाकीच्यांनी. उरायासुच्या बायकांनी ताईंना मिठ्याच मारल्या. का नाही मारणार? चारुता माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, गेली केतकी. आणि दुखरा पाय विसरून तरातरा निघून गेली.

ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "वा ताई, कमाल केलीत."

"पुरे," त्या म्हणाल्या. "चारुताचा पाय मुरगळलेला, आणि ती उकिडवी बसून पोराला खाऊ भरवत होती. मला काय डोळे नाहीत? मला हरायला उतरवलंस तू."

मी पाण्याची बाटली उघडून त्यांच्यापुढे केली.

"राग आला होता," त्या म्हणाल्या. "फोन ठेवल्यावर रडलेसुद्धा. तुमचं बरोबरच असेल गं. तुम्हाला पुढच्या वर्षाचं बघायला हवं. पण मला पुढचं वर्ष कुठे आहे? आज हरलो असतो तर माझं आजच संपलं असतं."

"उपांत्य सामन्यात धुतील आपल्याला," मी म्हटलं.

"धुवू देत. पण पुढच्या रविवारी सामना आहे ना? मला पहिल्यापासून उतरव. आणि तुम्ही सगळ्या खेळा."

मी हो म्हटलं.