गौराबाईंच्या झोपेच्या गोळ्या

पंधरा दिवस गौराबाईंच्या बाटलीतल्या गोळ्या कमी होत होत्या. आधी एक, मग दोन. आज गुरुवारी तर एकदम चार! नवरा गेल्यावर झोप उडाली म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या त्या.

रसायनीच्या त्या घरात माणसं तीनच. मुलगा गजा कारखान्यात रात्रपाळीला, दिवसभर अंथरुणात. उरली सून हिरू, चार महिन्यांपूर्वी घरात आलेली. मग दुसरं कोण असणार? गौराबाई तिच्या हातचा चहासुद्धा हुंगून पिऊ लागल्या होत्या. तिला आजच माहेरी धाडायचं ठरवून त्यांनी शेजारच्या आबाजी कंपाउंडरना बोलावलं.

"आबाजी, तुमीच इचारा हिला. माज्या जिवावर उठलीय ही!"

"आत्याबाय, मी नाय घेतल्या," हिरू रडत एवढंच म्हणाली.

आबाजींनी डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली. "ही तर गेल्या सालची, पंधरा दिवसांपुरती. हिच्यावर गोळ्या आनतं कोन?"

"गजा आनतो खोपोलीवरनं. दुकानदार काय इचारत नाय."

"गजा कुटं हाय?"

"निजलाय. सकाळी आटला आला पाळीवरनं."

"आता चार वाजलं, गौराबाई!"

आबाजी आत धावले. हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं. गजा हलेना! श्वास अगदी मंद चालला होता.

"चार घेतल्या त्यांनी," हिरू किंचाळली. "सांगू नको म्हनून शपथ घातलेली!"

टेंपोतून गजाला इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने डोळे उघडले, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

आबाजी त्याच्यावर चिडले. "ही सवय कुनी लावली रं?"

गौराबाईच पुढे आल्या.

"त्याला नका इचारू. दिसाचा पत्रा तापतो, पोराला झोप येईना. पयली गोळी मीच दिली, एकदाच म्हनून, दुधाबरोबर." मग त्यांनी हिरूचा हात धरला. "आनि आळ तुज्यावर घेतला गं!" त्या ढसाढसा रडल्या.

मंडळी, गौराबाईंना हसू नका. कुणी कण्हलं की आपल्याच औषधाची पुडी सोडून देणारे आपण सगळेच. डॉक्टर गोळी देतो ती एका माणसाला, तीही मोजक्या दिवसांसाठी. ती तरण्या पोराच्या हातावर ठेवणं ही माया नव्हे. संशय घ्यायचाच असेल, तर घरातल्या माणसाआधी त्या पुडीचा घ्या!