पिना मारलेला धडा

शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी त्या गल्लीत एखादा परका माणूस शिरला असता, तर त्याला वाटलं असतं की इथली सगळी माणसं सकाळी सकाळी दातांनी अक्रोड फोडत बसली आहेत. खट्, खट्, खट्. आवाज क्लासमधून येत होता. दहावीत गेलेल्या मुलांचे आईबाप कोरी पुस्तकं छातीशी धरून रांगेत उभे होते आणि आत टेबलामागे क्लासचे सर बसले होते. परीक्षेला जो धडा नाही, त्याच्या पानांना ते कडेने पिना मारत आणि तो धडा वर्षभरासाठी मिटवून टाकत.

मुलं त्यांना पाठीमागे पिनसर म्हणत. पिना त्यांच्याकडे पोत्याने यायच्या. ही पुस्तकं भरलेली दप्तरं चुंबकाच्या दुकानावरून नेली तर मुलं आपोआप आत खेचली जात, असं म्हणतात. मी स्वतः हे पाहिलेलं नाही. पण ज्याने पाहिलं त्याला मी पाहिलेलं आहे.

"पोर्शनबाहेरचं एक पान म्हणजे एक भोक," पिनसर सांगायचे, "आणि भोकातून काय होतं? मार्क गळतात." रांगेतली शहाणीसुरती माणसं यावर माना डोलवायची. त्यांत डॉक्टर होते, वकील होते, बँकेतले होते. ज्याच्या पुस्तकात पिना जास्त, तो बाप जास्त जागरूक, अशी तिथली समजूत होती. एकाने तर अनुक्रमणिकेलाही पिना मारून घेतल्या. पोराला पुस्तकात काय काय मिटवलंय हेही कळायला नको, म्हणे.

रांगेत पाणीपुरवठा कार्यालयातले हेडक्लार्क होते. नळाला पाणी का येत नाही, हे ज्या खिडकीवर विचारायची सोय नाही, त्या खिडकीमागे या गृहस्थांनी उभा जन्म काढला होता. बरोबर त्यांची मुलगी होती. तिला घरीदारी सगळे काबाई म्हणत, कारण बोलायला लागल्यापासून तिच्या दर दुसऱ्या वाक्यात 'का' असायचा.

"सर, हा धडा का बंद करताय?" काबाईने विचारलंच.

"परीक्षेला नाही."

"पण पुस्तकात आहे ना?"

"पुस्तकात काय, खूप असतं." पिनसरांनी चष्म्यावरून हेडक्लार्ककडे पाहिलं. पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात का, असं विचारावं तशा हलक्या आवाजात ते म्हणाले, "हिला प्रश्न पडतात वाटतं?"

हेडक्लार्क शरमले. "लहानपणापासून. उपाय चालू आहेत."

"वेळीच आवरा. नाहीच आवरली, तर आपलं निवासी आहे."

निवासी हा शब्द ऐकला आणि काबाई बापाच्या मागे सरकली. पिनसरांच्या भावाचा तो मुक्कामी क्लास दुसऱ्या गावात होता. तिथल्या खिडक्यांना वरपर्यंत पांढरा रंग दिलेला होता, कारण आभाळ पोर्शनमध्ये नव्हतं. तिथे जाऊन आलेलं एक माणूस तिच्या घरातच होतं.

तो तिचा थोरला भाऊ. दोन वर्षं निवासीत राहून त्याने सत्त्याण्णव टक्के आणले, तेव्हापासून घरात त्याला सत्त्याण्णव म्हणूनच हाक मारत. पुढे तो इंजिनिअरिंगला गेला, आणि तिथल्या पहिल्याच पेपरात कुठल्याही प्रश्नसंचात न आलेला प्रश्न आला. सत्त्याण्णव तीन तास त्या प्रश्नाकडे बघत बसला. पुढच्या पेपरातही तेच. मग तो घरी आला तो आलाच. "पेपर फार घाणेरडा काढला होता," असं हेडक्लार्क येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

आता सत्त्याण्णव दिवसभर खुर्चीत बसून असायचा. आईने "चहा घेतोस का?" असं विचारलं की गप्प. "चहा, कॉफी, दूध की यांपैकी नाही?" असं विचारलं की लगेच उत्तर. एकदा त्याच्या शर्टाचं बटण तुटलं, तर हे कितव्या प्रकरणात येतं म्हणून तो संध्याकाळपर्यंत तसाच उघडा बसला होता. शेजारीपाजारी हसायचे. आणि हसून झालं की आपापल्या पोरांना घेऊन पिनसरांच्या रांगेत उभे राहायचे.

त्या शनिवारी घरी आल्यावर काबाईने विज्ञानाचं पुस्तक उघडलं आणि मिटलेल्या पानांमध्ये डोकावून पाहिलं. आत एक माणूस दुसऱ्या माणसाला मागून मिठी मारताना दिसत होता. दहावीच्या पुस्तकात मिठी! एवढं पाहिल्यावर कोण थांबेल? तिने आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि पिना एकेक करून उपसल्या. धडा प्रथमोपचाराचा होता. घशात काही अडकून माणूस गुदमरला तर मागे उभं राहायचं, त्याच्या पोटावर मूठ धरायची आणि आत-वर असा हिसका द्यायचा, एवढंच त्यात लिहिलं होतं. पण मूठ नेमकी कुठे? हिसका किती जोरात? लहान मूल असेल तर? पुस्तक पुढे बोलेना.

मग ती वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सिस्टरकडे गेली. सिस्टर हॉस्पिटलमधून नुकत्याच आल्या होत्या आणि पाय बादलीत सोडून बसल्या होत्या.

"काय गं, परीक्षेला आहे का हे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कशाला पाहिजे?"

"कळत नाहीये म्हणून."

सिस्टरनी पाय पुसले. "ये इकडे. आधी पुढे वाकवून पाठीत थापा मारायच्या, खांद्यांच्या मधोमध. नाही निघालं तर मग हे. बेंबीच्या जरा वर, फासळ्यांच्या खाली. आणि माझ्यावर जोर लावू नकोस बाई, जागा दाखव नुसती. जोर घरी उशीवर लाव."

काबाईने घरातला लोड धरला. आई वर्गाला गेली की (ती एका बालवाडीत शिकवायची) ही लोडाला उभं करून त्याचा जीव वाचवायची. इतक्या वेळा वाचवला की लोडाच्या शिवणीतून कापूस बाहेर आला. "घरात उंदीर झालेत," आई म्हणाली आणि तिने पिंजरा लावला. पुस्तकातल्या एका मिठीपायी पोरगी पुढे सिस्टरकडची जाड पुस्तकं वाचू लागली. मग रक्त कसं थांबवायचं, भाजलं तर बर्फ का लावायचा नाही, अशी एकामागून एक दारं उघडत गेली. शाळेचा अभ्यासही ती करायची; पण तो संपल्यावर तिचा खरा दिवस सुरू व्हायचा.

आणि एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हेडक्लार्क सफरचंद खात खात सत्त्याण्णवच्या गुणपत्रिकेचं कौतुक पाहुण्यांना सांगत होते. सत्त्याण्णवचे मामा-मामी आले होते. "सत्त्या..." एवढं हेडक्लार्क म्हणाले आणि तिथेच थांबले. फोड घशात अडकली होती. दोन्ही हात गळ्याकडे गेले. तोंडातून आवाज येईना. चेहरा लाल झाला, मग जांभळा.

"अहो! अहो, काय होतंय?" आईने जिवाचा आकांत केला.

"पाणी द्या, पाणी!" मामा म्हणाले. ते स्वतः पदवीधर होते.

"पाणी नका देऊ!" काबाई ओरडली, पण तिचं ऐकतो कोण? सगळ्यांनी सत्त्याण्णवकडे पाहिलं. घरातला हुशार तो.

सत्त्याण्णव उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पुष्कळ वर्षांनी चमक आली. "घास गिळताना कंठच्छद श्वासनलिकेचे तोंड झाकतो," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "हे कार्य न झाल्यास अन्नकण श्वासनलिकेत जातो. आकृती काढू का? आकृतीला दोन गुण आहेत."

बाप समोर गुदमरतोय आणि पोरगा पेन्सिल शोधतोय, असं दृश्य होतं. शब्द एकही चुकला नव्हता.

काबाईने मामांना कोपराने बाजूला सारलं. बापाला पुढे वाकवून पाठीत थापा मारल्या. काही होईना. मग ती मागे गेली. हेडक्लार्कांचं पोट म्हणजे लोड नव्हे, हात पुरेनात. तिने खुर्चीच्या दांडीला पाय लावला, बेंबीच्या वर मूठ धरली, दुसऱ्या हाताने ती आवळली आणि आत-वर हिसका दिला. पुन्हा दिला. पुन्हा. तशी ती फोड बंदुकीच्या गोळीसारखी सुटली आणि समोरच्या भिंतीवर, सत्त्याण्णवच्या चौकटीतल्या सत्काराच्या फोटोवर, आपटली. काच तडकली म्हणतात. काहींच्या मते फोटोतल्या पिनसरांनी डोळे मिचकावले.

हेडक्लार्क भसाभसा श्वास घेऊ लागले. आई रडायला लागली. मामी पोरीचे गाल धरून "माझी बाई ती" म्हणू लागल्या. माणसाचा जीव परत आला की पहिला शब्द काय निघेल? देवाचं नाव निघेल, बायकोचं निघेल, मुलीचं निघेल. हेडक्लार्कांनी डोळे पुसले, मुलीकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं,

"हे पोर्शनमध्ये आहे?"

"नाही," काबाई म्हणाली.

"मग तुला कसं आलं?"

तिने खरं ते सांगितलं. पुस्तकही आणून दाखवलं. पिनांच्या जागी नुसती भोकं होती. हेडक्लार्क त्या भोकांकडे असे बघत राहिले, जणू त्यांच्यातून मार्क गळताना दिसत होते.

दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात अर्धी रजा टाकून पिनसरांकडे गेले.

"सर, जीव वाचला हो माझा," ते म्हणाले, "पण पोरगी हातची चालली."

पिनसरांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "साहेब, आज सफरचंद बाहेर निघालं. उद्या हिचं लक्ष असंच बाहेर निघालं म्हणजे? तुमचा जीव काय, तो आज ना उद्या जाणारच. दहावी एकदाच येते."

हे ऐकून माणसाने टेबल उलथलं असतं, असं तुम्हाला वाटेल. हेडक्लार्कांनी मान डोलवली. "अगदी बरोबर," ते म्हणाले आणि निवासीची जागा पक्की करून आले.

गुरुवारी सकाळी गाडी दारात आली. बॅग भरलेली होती. आतली आणखी चार मुलं काचेतून मुकाट बघत होती.

काबाई जेवणाच्या टेबलाशी बसून राहिली.

"ऊठ," हेडक्लार्क म्हणाले.

"मी जाणार नाही, बाबा."

"चार लोकांसमोर तमाशा नको. ऊठ म्हणतो ना?"

"नाही जाणार."

"अगं, शिकायचं नाही का तुला?"

"शिकायचंय म्हणून तर जात नाहीये. परीक्षा देईन मी, पासही होईन. शाळेत जाईन, क्लासलाही जाईन. पण मला दुपारी सिस्टरकडे जायचंय. मला जे कळत नाही ते मी विचारणार. तुम्ही मला उचलून नेलंत तर तिथेही विचारीन. खिडकीचा रंग नखाने खरवडीन."

"बघितलंस? बघितलंस हिची जीभ?" हेडक्लार्क बायकोकडे वळले. "बालवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळतेस, स्वतःचं एक आवरत नाही! काहीतरी बोल की!"

आई सत्त्याण्णवकडे बघत राहिली. निवासीत जाण्यापूर्वीचा आपला मुलगा कसा हसायचा, ते ती आठवत होती, आणि तिला ते आठवेना.

"बॅग खाली ने," हेडक्लार्कांनी सत्त्याण्णवला फर्मावलं. सत्त्याण्णवने बॅग उचलली. सांगितलेलं काम तो नेहमीच करायचा. दारापर्यंत गेला आणि तिथे थांबला. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सत्त्याण्णवने बॅगेवर वळलेल्या आपल्या मुठीकडे पाहिलं. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. मग त्याने बॅग खाली ठेवली आणि बहिणीकडे वळून अडखळत म्हणाला,

"ती मूठ... नेमकी कुठे धरायची?"

त्याने पर्याय मागितले नव्हते. किती गुणांना आहे, हेही विचारलं नव्हतं.

"ये दादा," काबाई म्हणाली. तिने त्याचा हात धरला, बोटं मिटवली आणि ती मूठ त्याच्याच पोटावर, बेंबीच्या जरा वर टेकवली. "इथे. आणि ओढायचं असं."

"असं का? सरळ का नाही?"

"बस, सांगते."

आईने पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढून घेतली. "थांबा जरा. मलाही बघू दे. माझ्या वर्गात वीस पोरं आहेत, आणि मला हे येत नाही."

खाली गाडीने शेवटचा हॉर्न दिला आणि बाकीच्या चार मुलांना घेऊन ती निघून गेली. हेडक्लार्क उंबऱ्यात उभे राहिले. आत जावं तर शिकावं लागणार, बाहेर जावं तर गाडी गेलेली. ते अजून तिथेच उभे आहेत, असं लोक सांगतात. जाता-येता दिसले तर त्यांना हसू नका. काल रात्री तुम्हीही कुणालातरी "परीक्षेला नाही ना, मग सोड" असं म्हणाला असाल, तर त्या उंबऱ्यावर त्यांच्या शेजारी अजून पुष्कळ जागा आहे.